हृच्छूल : अर्जुनाची वेळ आणि शल्याची वेळ

‘डॉक्टरसाहेब, बायपास टाळता येईल का?’ हा प्रश्न ज्याने ऐकलेला नाही असा वैद्य विदर्भात सापडणार नाही. रुग्णाच्या हातात अँजिओग्राफीची तबकडी असते, सोबत मुलगा किंवा जावई असतो आणि शस्त्रकर्माची तारीख पुढच्या आठवड्यातील असते. हा रुग्ण आयुर्वेदावरील श्रद्धेने आला असेलच असे नाही. पुष्कळदा तो शस्त्राच्या भीतीने आलेला असतो आणि त्या भीतीला आपण श्रद्धा समजतो. त्याच्या प्रश्नाला आपण काय उत्तर देतो आणि कोणत्या आधारावर देतो, याविषयी आपल्याच व्यासपीठावर स्पष्ट बोलले जावे, म्हणून हा लेखनप्रपंच. त्यातील काही विधाने अनेक वैद्यमित्रांना रुचणार नाहीत, याची जाणीव आहे.

बायपास टाळावी की करावी, हा प्रश्न मुळात अपुरा आहे. हृच्छूल कोणत्या अवस्थेत आहे, हे ठरल्याशिवाय त्याला उत्तरच नाही. अवस्थाभेदाने चिकित्साभेद हा आपल्या शास्त्राचा कणा. ज्वरात आम आणि निराम यांचा भेद न करता कषाय देणाऱ्याला आपण वैद्य म्हणत नाही. मग हृच्छूलातच आपण हा भेद का विसरतो?

जिना चढताना, भरल्या पोटी चालताना छाती दाटून येते, थांबल्यावर पाच मिनिटांत मोकळी होते आणि सहा महिने हेच प्रमाण कायम असते, तो स्थिर हृच्छूल. तीच वेदना विश्रांतीत येऊ लागली, वीस मिनिटांहून अधिक टिकू लागली, पूर्वी दोन मजले चढल्यावर येणारी आता स्नानगृहापर्यंत जाताना येऊ लागली, किंवा ज्याला कधीच नव्हती त्याला गेल्या काही आठवड्यांत नव्याने आणि तीव्रतेने सुरू झाली, तर तो अस्थिर हृच्छूल, म्हणजेच अनस्टेबल अँजायना. दोन्हींत वेदनेची जागा तीच, रुग्णाचे शब्दही बहुधा तेच. आत घडणारी गोष्ट मात्र निराळी. चरकाचार्यांनी कफाच्या नानात्मज विकारांत धमनीप्रतिचय सांगितला आहे आणि ‘ब्लॉकेज’ म्हणजे धमनीप्रतिचय असे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. ते बऱ्याच अंशी योग्यही आहे. पण प्रतिचय वर्षानुवर्षे चालतो. अस्थिर हृच्छूलात बहुतेक वेळा त्या संचयाचे आवरण फाटते, त्यावर रक्ताची गुठळी जमू लागते आणि धमनी काही तासांत बंद होण्याच्या वाटेवर असते. पहिली अवस्था याप्य म्हणून सांभाळता येते. दुसरी आत्ययिक आहे. आत्ययिक अवस्थेत काढ्याचा अनुपान-विचार करीत बसणे हा काळाचा अपव्यय होय.

हे मी ग्रंथ वाचून शिकलो असतो तर बरे झाले असते. शिकलो ते एका रुग्णाकडून, आणि त्याची किंमत मला मोजावी लागली नाही, ती त्याने मोजली.

गोष्ट २०१२ सालची. गांधीबागेतील एका कापडाच्या पेढीवर हिशेब लिहिणारे छप्पन्न वर्षांचे गृहस्थ, मधुमेही. मी त्यांना काकाजी म्हणत असे. चालताना छाती भरून येण्याची तक्रार घेऊन ते माझ्याकडे आले. अर्जुन क्षीरपाक, प्रभाकर वटी, पथ्य आणि सकाळचे फिरणे एवढ्यावर त्यांना दोन महिन्यांत उत्तम उपशय मिळाला. इतवारी-गांधीबागेतील पाचदहा रुग्ण त्यांनी माझ्याकडे पाठविले, हेही सांगितले पाहिजे, कारण पुढच्या चुकीत माझ्या अहंकाराचा वाटा होता. दिवाळीनंतर ते पुन्हा आले. आता दुखणे रात्री, झोपेत येत होते. एकदा घाम फुटला होता, पंचवीसेक मिनिटे बसून काढावी लागली होती. ‘जेवण जड झाले की होते,’ असे ते म्हणाले आणि मी ते वाक्य धरून बसलो. नाडी, जिव्हा पाहिली, आम्लपित्ताचा अनुबंध मानला, सूतशेखर आणि कामदुधा जोडली, अर्जुन चालू ठेवला. शेजारच्या प्रयोगशाळेतून इसीजी काढून आणविला, तो प्राकृत आला. त्या कागदाने माझे पूर्ण समाधान झाले. वेदना नसताना काढलेला इसीजी अस्थिर हृच्छूलात प्राकृत येऊ शकतो, हे मला पाठ्यपुस्तकातून माहीत होते. माहीत असणे आणि त्या क्षणी आठवणे यांत अंतर असते.

नवव्या दिवशी पहाटे त्यांना तीव्र झटका आला. मुलांनी वेळेत रुग्णालयात नेले म्हणून प्राण वाचले, पण हृदयाच्या पेशींचा मोठा भाग गेला. तिन्ही धमन्या रोगग्रस्त होत्या. ज्या हृदयाची उत्सर्जनक्षमता, म्हणजे ईएफ, पूर्वी बहुधा साठाच्या घरात असेल, ती पस्तिसावर आली. तीन आठवड्यांनी त्यांचे बायपास शस्त्रकर्म झाले, ते अधिक जोखमीच्या अवस्थेत. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या मुलीने अतिशय शांतपणे विचारले, ‘डॉक्टर, त्या दिवशी तुम्ही आम्हांला पाठवले असते तर?’ मी उत्तर दिले नाही. आजही देता येणार नाही.

या ठिकाणी काही मित्र म्हणतील की, ही व्यक्तिगत चूक झाली, तिच्यावरून सिद्धान्त काढू नये. मान्य. म्हणून व्यक्तिगत गोष्ट बाजूला ठेवून ग्रंथांकडे वळू.

आपल्या शास्त्राने शस्त्राला कधीच पराभव मानलेले नाही. कायचिकित्सेचा मूलग्रंथ जो चरक, त्यातही गुल्म पक्व झाल्यावर तेथे धान्वंतर संप्रदायाच्या वैद्यांचा अधिकार आहे, असे स्पष्ट सांगितले आहे. उदररोगात जोखमीच्या उपायाची वेळ आली तर रुग्णाच्या आप्तांना, सुहृदांना, राजाला आणि गुरूंना संशयाची कल्पना देऊन मगच प्रवृत्त व्हावे, असे तेच आचार्य सांगतात. सुश्रुताचार्यांचा अश्मरीचिकित्सेतील विचार तर आजच्या संमतिपत्रालाही लाजविणारा आहे. शस्त्र न केल्यास मृत्यू निश्चित, केल्यास यश संशयित, म्हणून अधिपतीला विचारून हे कर्म करावे, असा त्याचा आशय आहे. त्याच अश्मरीत आधी घृत, क्षार, कषाय सांगितले आहेत आणि व्याधी वाढल्यावर शस्त्र. औषधाची वेळ आणि शस्त्राची वेळ अशा दोन वेळा आहेत, आणि त्या ओळखणे हेच वैद्याचे कौशल्य. हृदय हे सद्यःप्राणहर मर्म आहे, हे आपण प्रथम वर्षात पाठ करतो. सद्यःप्राणहराची मर्यादा सुश्रुताने सात रात्रींची दिली आहे. हा संदर्भ अभिघाताचा आहे, अस्थिर हृच्छूलाचा नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण काकाजींचा नववा दिवस आठवला की तो संदर्भही आठवतो.

आता आधुनिक पुराव्याकडे. अलीकडे आपल्या परिषदांतून, व्याख्यानांतून एक युक्तिवाद वारंवार ऐकू येतो की, बायपास आणि अँजिओप्लास्टीने आयुष्य वाढत नाही, हे पाश्चात्त्यांच्याच संशोधनाने सिद्ध झाले आहे. या विधानामागे दोन मोठे अभ्यास आहेत. २००७ साली प्रसिद्ध झालेला ‘करेज’ अभ्यास २,२८७ रुग्णांचा होता आणि त्यात अँजिओप्लास्टीची तुलना औषधोपचाराशी केली होती. २०१९ मध्ये सादर झालेला ‘इस्केमिया’ अभ्यास ५,१७९ रुग्णांचा. दोन्हींत उत्तम औषधोपचार घेणाऱ्या गटाचे आयुर्मान धमनीवर प्रत्यक्ष उपाय केलेल्या गटापेक्षा लक्षणीय कमी भरले नाही. इथपर्यंत आपले मित्र बरोबर आहेत. पण हे दोन्ही अभ्यास स्थिर हृद्रोगाचे होते. ‘इस्केमिया’मध्ये तर नुकताच अस्थिर झटका येऊन गेलेले आणि डाव्या मुख्य धमनीत पन्नास टक्क्यांहून अधिक अवरोध असलेले रुग्ण मुळातच वगळले होते. ज्या रुग्णांना अभ्यासात प्रवेशच नव्हता, त्यांच्या माथी त्या अभ्यासाचा निष्कर्ष मारणे हे शास्त्र नव्हे. आणखी एक गोष्ट व्याख्यानात गाळली जाते. त्या अभ्यासांतील ‘औषधोपचार’ म्हणजे अ‍ॅस्पिरिन, स्टॅटिन, बीटा ब्लॉकर इत्यादी होते. त्यांच्या यशाचे श्रेय आपण आपल्या काढ्यांच्या खात्यात जमा करू शकत नाही.

मग खुद्द अस्थिर हृच्छूलात बायपासचे काय? यावर अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी ४६८ पुरुष रुग्णांवर अभ्यास केला, तो १९८७ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला औषधे, दुसऱ्याला बायपास. दोन वर्षांच्या शेवटी एकंदर मृत्युदरात दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. येथे थांबलो तर बायपासविरोधकांना आनंद होईल. पण ज्यांच्या हृदयाची उत्सर्जनक्षमता कमी झालेली होती, त्यांचे प्राण शस्त्रकर्माने अधिक वाचले. पाच वर्षांनी पाहिले तेव्हा तिन्ही धमन्या रोगग्रस्त असलेल्यांत औषधगटातील मृत्यू सुमारे २४ टक्के आणि शस्त्रगटातील सुमारे ११ टक्के होते. शिवाय औषधगटातील जवळजवळ तिसऱ्या हिश्शाच्या रुग्णांना वेदना न आटोपल्यामुळे दोन वर्षांच्या आत बायपास करावीच लागली. डाव्या मुख्य धमनीच्या अवरोधात शस्त्राचा लाभ तर त्याआधीच, १९७६ साली, दिसून आला होता. मधुमेही आणि अनेक धमन्यांचा रोग असलेल्या १,९०० रुग्णांचा ‘फ्रीडम’ अभ्यास २०१२ साली आला. त्यात पाच वर्षांत मृत्यू, हृदयाचा झटका किंवा पक्षाघात यांपैकी काहीतरी घडण्याचे प्रमाण स्टेंटच्या गटात २६.६ टक्के आणि बायपासच्या गटात १८.७ टक्के होते. मात्र केवळ पक्षाघाताचे प्रमाण बायपासच्या गटात दुपटीहून अधिक होते, हेही रुग्णाला सांगितले पाहिजे.

अस्थिर हृच्छूल म्हणजे तत्काळ बायपास, असे समीकरण कोणीही मांडत नाही, मीही मांडत नाही. पहिले काही तास-दिवस औषधांचे असतात. १९८३ सालच्या एका अभ्यासात अस्थिर हृच्छूलाच्या १,२६६ पुरुषांना बारा आठवडे केवळ अ‍ॅस्पिरिन किंवा निष्क्रिय गोळी दिली होती. मृत्यू अथवा झटका यांचे प्रमाण निष्क्रिय गोळीच्या गटात १०.१ टक्के, अ‍ॅस्पिरिनच्या गटात ५ टक्के. इतकी साधी गोळी, आणि निम्मे फरक! औषधांनंतर अँजिओग्राफी होते. पुष्कळांना स्टेंट पुरतो, काहींना औषधेच पुरतात, आणि डावी मुख्य धमनी, तीन धमन्यांचा रोग, मधुमेह, दुबळे हृदय अशा रुग्णांत बायपास श्रेष्ठ ठरते. कोणाला काय, हे अँजिओग्राफी पाहून ठरते. नाडी पाहून ते ठरत नाही, हे म्हणण्यात नाडीचा अपमान नाही.

अर्जुनाविषयी बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. चक्रदत्ताने हृद्रोगात सांगितलेला अर्जुनसिद्ध क्षीर आपल्यापैकी प्रत्येकाने वापरला आहे, मी आजही वापरतो. इंदूर येथे ५८ पुरुष रुग्णांवर झालेला आणि २००२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आपण अभिमानाने उद्धृत करतो. ५०० मिलिग्रॅम अर्जुन दर आठ तासांनी दिल्यावर वेदनेची वारंवारता घटली आणि ट्रेडमिलवरील क्षमता वाढली, तेही आधुनिक नायट्रेटच्या तोडीने. रुग्ण स्थिर हृच्छूलाचे होते. त्याआधी १९९४ मध्ये द्विवेदी आणि अगरवाल यांनी स्थिर हृच्छूलाचे १५ आणि अस्थिरचे ५ रुग्ण घेऊन तीन महिने अर्जुनत्वक्चूर्ण दिले. स्थिर गटात वेदनेचे प्रसंग निम्म्यावर आले. अस्थिर गटात लक्षणीय घट झाली नाही, त्यांना इतर आधुनिक औषधे द्यावीच लागली. लेखकांनी निष्कर्षात तसे स्वच्छ लिहिले आहे. संख्या लहान आहे, हे खरे. पण अर्जुनाची बाजू मांडणाऱ्यांनीच ही मर्यादा नोंदवली आहे, आणि आपण त्यांच्या लेखाचा पूर्वार्ध वाचून पुस्तक मिटतो. मीसुद्धा २०१२ पर्यंत पूर्वार्धच वाचला होता.

बायपास म्हणजे व्याधीचा समूळ नाश, असे ज्या रुग्णांना वाटते त्यांनाही वेळीच सावध केले पाहिजे. १९६७ साली क्लीव्हलँड येथे रेने फावालोरो यांनी पायाची नीला काढून हृदयाच्या धमनीला जोडली आणि ही शस्त्रपद्धती प्रस्थापित केली. हे गृहस्थ त्यापूर्वी बारा वर्षे अर्जेंटिनातील एका खेड्यात साधे ग्रामीण डॉक्टर होते, ही गोष्ट मला फार आवडते. भारतात पहिली बायपास डॉ. के. एम. चेरियन यांनी १९७५ मध्ये चेन्नईच्या पेरांबूर येथील रेल्वे रुग्णालयात केली. आज ती नागपुरात नित्याची झाली आहे. पण पायाच्या नीलेचे कलम दहा वर्षांत निम्म्याच्या आसपास बंद पडते. छातीच्या भिंतीतील धमनीचे कलम मात्र दहा वर्षांनंतरही नव्वद टक्क्यांच्या वर चालू राहते. म्हणजे मार्ग बदलला, रसरक्ताची दुष्टी तशीच राहिली. डॉ. मनमोहन सिंग यांची पहिली बायपास १९९० मध्ये झाली होती. जानेवारी २००९ मध्ये, पंतप्रधानपदी असताना, मुंबईच्या डॉ. रमाकांत पांडा यांच्या चमूने दिल्लीत त्यांच्यावर पुन्हा तेच शस्त्रकर्म केले. त्यानंतर ते पंधरा वर्षांहून अधिक जगले. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत, व्याधी परतते आणि शस्त्र आयुष्य देते.

रुग्णाचा अविश्वास निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र शासनाने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा आणली तेव्हा औषधयुक्त स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरली. त्याआधी रुग्ण त्यासाठी लाखाच्या वर मोजत होते. असे अनुभव घेतलेला समाज ‘धमनी ऐंशी टक्के बंद आहे, आजच निर्णय घ्या’ हे वाक्य संशयाने ऐकतो, यात नवल नाही. स्थिर अवस्थेतील रुग्णाला दुसरे मत घेण्याचा सल्ला मी स्वतः देतो. पण त्याच संशयाचा व्यापार करणारेही आपल्यातच आहेत. ‘शस्त्रक्रियेविना बायपास’, ‘ब्लॉकेज विरघळवा’ असे फलक औषधालयाबाहेर लावणाऱ्या बंधूंना एवढेच स्मरण देतो की, १९५४ च्या औषधी व जादूई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत हृद्रोगाचा स्पष्ट उल्लेख आहे. कायदा राहू द्या. लसूण, आले, लिंबू आणि व्हिनेगर यांच्या मिश्रणाची बाटली घेऊन जाणारा ग्राहक जर म्हणाला, ‘काल रात्री झोपेत दुखले’, तर त्या बाटलीचे पैसे न घेता त्याला रुग्णालयाचा रस्ता दाखवणारा औषधविक्रेता माझ्या मते आपल्या व्यवसायाचा मान राखतो. ग्राहक वैद्याआधी गल्ल्यावर बोलतो, हा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे.

याच संदर्भात गडचिरोलीच्या डॉ. अभय बंग यांच्या ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकाचा उल्लेख करतो. विदर्भातील कितीतरी रुग्ण ते पुस्तक पिशवीत घालून आपल्याकडे येतात. ऐन चाळिशीत आलेला हृदयरोग आणि त्यानंतर आहार, व्यायाम, योग, ध्यान यांनी घडलेला जीवनातील बदल त्यात आहे, आणि आपल्या दिनचर्येच्या उपदेशाला इतके प्रभावी मराठी पुस्तक दुसरे नाही. परंतु ते बायपासविरोधी पुस्तक आहे, असा गैरसमज रुग्ण करून घेतात आणि आपण तो दूर करीत नाही. त्यातील जीवनबदल हा रुग्णालयातील उपचार घेऊन बाहेर पडलेल्या माणसाचा आहे. क्रम उलटा केला की पुस्तकही उलटे वाचले जाते.

माझ्या चिकित्सालयात २०१२ नंतर एक साधी रीत आहे. विश्रांतीतील वेदना, वाढत जाणारी वेदना किंवा नव्याने आलेली तीव्र वेदना असे सांगणारा रुग्ण आला की औषधाची चिठ्ठी लिहिली जात नाही. रुग्णाला बसवून ठेवतो, चालू देत नाही. अ‍ॅस्पिरिनचे वावडे किंवा रक्तस्रावाचा इतिहास नसेल तर सुमारे ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायला सांगतो. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावतो, आणि वेदना केव्हा सुरू झाली, किती वेळ टिकली, कोणती औषधे चालू आहेत, ही माहिती मराठी आणि इंग्रजीत लिहून सोबत देतो. अर्जुन, गुग्गुळ, लशुन जे काही मी दिले असेल तेही त्यात लिहितो. पहिल्या काही चिठ्ठ्या एका रुग्णालयातील निवासी डॉक्टरांनी न वाचताच नातेवाइकांच्या हातात परत दिल्या. राग आला, पण चिठ्ठी लिहिणे सोडले नाही. आता काही हृद्रोगतज्ज्ञ उलट दूरध्वनी करतात.

नागपुरात हे सोपे आहे. मेडिकल, मेयो, सुपर स्पेशालिटी यांपैकी काहीतरी अर्ध्या तासाच्या अंतरावर असते. अहेरी-सिरोंचाकडील वैद्याला हे वाचून हसू येईल, आणि त्याचे हसणे न्याय्य आहे. पण ज्याचे अंतर मोठे, त्याने निर्णय अधिक लवकर घेतला पाहिजे. पैशाचे कारण तर आता पूर्वीसारखे राहिलेले नाही. राजीव गांधी जीवनदायी योजना, जी २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली, तिच्यात अँजिओप्लास्टी आणि बायपास दोन्ही समाविष्ट आहेत. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. शिधापत्रिका आणि आधार कार्ड सोबत ठेवा, एवढे वाक्य आपण रुग्णाला सांगितले तरी एखाद्या कुटुंबाचे शेत विकले जाण्यापासून वाचते. ‘बायपास नको’ असे म्हणणाऱ्या रुग्णाच्या मनात कित्येकदा शस्त्राच्या भीतीपेक्षा खर्चाची भीती मोठी असते. ती विचारून पाहावी.

मग आपले काम काय? माझ्या मते शस्त्रकर्मानंतर ते खऱ्या अर्थाने सुरू होते, आणि ते थोडे नाही. बायपास झालेला रुग्ण घरी येतो तेव्हा त्याचा अग्नी मंद असतो, मलावष्टंभ असतो, झोप नसते, पायाची जखम ठसठसते आणि मन खचलेले असते. शल्यचिकित्सकाला या तक्रारींसाठी वेळ नसतो. पथ्यकल्पना, पेयादि क्रम, मृदू अनुलोमन, मधुमेहाचे नियमन, तंबाखू सोडविणे ही कामे आपल्याइतकी चांगली कोणी करू शकत नाही. (तंबाखू आणि खर्रा हा विदर्भाचा स्वतंत्र विषय आहे, त्यावर कधीतरी वेगळा लेख लिहीन.) मात्र येथेही सावधपणा हवा. रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असताना लशुन आणि गुग्गुळ मोठ्या मात्रेत देऊ नयेत, आणि नियोजित शस्त्रकर्मापूर्वी ती बंद करावीत. गुग्गुळामुळे डिल्टियाझेम आणि प्रोप्रॅनोलॉल यांचे शोषण घटते, असे १९९४ मध्येच मुंबईत दाखविले गेले आहे. यष्टिमधु दीर्घकाळ दिल्यास रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते. मूत्रल औषधे घेणाऱ्या हृद्रोग्यात ही गोष्ट घातक ठरू शकते. मधुमेही रुग्णाला आसव-अरिष्ट देताना त्यातील गुळाचा हिशेब कोणी करायचा? आणि सर्वांत महत्त्वाचे, शल्यचिकित्सकाने दिलेली अ‍ॅस्पिरिन आणि स्टॅटिन आपल्या शब्दाखातर रुग्णाने बंद करता कामा नयेत. ‘ती गरम औषधे आहेत’ एवढ्या कारणाने ती बंद करविलेली मी पाहिली आहेत.

काकाजी अजून येतात. पेढीवरचे काम सुटले. चढावर धाप लागते, म्हणून मुलाने घर तळमजल्यावर बदलले. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते रिक्षाने येतात, रुग्णालयाची गोळ्यांची डबी आणि माझी पुडी दोन्ही टेबलावर ठेवतात आणि विचारतात, ‘यातले काय काय एकत्र चालते ते बघा.’ मी प्रत्येक वेळी दोन्ही तपासून पाहतो. त्यांच्या मुलीने त्या दिवशी विचारलेला प्रश्न त्यांनी कधी विचारला नाही.